क्रूझच्या बंदरावर टूर घ्यायची की आपापलं फिरायचं?

क्रूझचं बुकिंग झालं की कंपनीच्या ॲपवर आणखी एक दुकान उघडतं. बार्सिलोनात शहरदर्शन, मार्सेयला प्रोव्हान्सची सफर, रोमला व्हॅटिकन आणि कोलोझियम एकाच दिवसात, आणि प्रत्येकापुढे युरोतली किंमत. चौघांनी प्रत्येक बंदराची टूर घ्यायची ठरवली तर बेरीज पाहून डोळे पांढरे होतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, परक्या देशात जोखीम कशाला, घेऊन टाकू. दुसऱ्याचं म्हणणं, एवढ्या पैशात आपण आपले दोनदा फिरून येऊ. मला विचाराल तर दोन्ही पक्ष अख्ख्या क्रूझसाठी एकच उत्तर शोधत बसलेले असतात. हा निर्णय बंदरागणिक घ्यायचा असतो, आणि तो घेताना ‘तिथे जायचं कसं’ यापेक्षा ‘बोटीवर परतायचं कसं’ हा प्रश्न आधी सोडवायचा असतो.

उदाहरणासाठी मी पश्चिम भूमध्य समुद्रातली आठवड्याची फेरी घेतो: बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, रोम, नेपल्स अशी बंदरं लागणारी. युरोपात पहिल्यांदा क्रूझला जाणारे आपल्याकडचे बरेच जण हीच फेरी घेतात, आणि सोप्या बंदरापासून अवघड बंदरापर्यंत सगळे नमुने तिच्यात सापडतात.

पायरी १: बोट नेमकी कुठे लागणार ते शोधा

ब्रोशरमध्ये शहराचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि बंदराचं बारीक. ‘रोम’ असं लिहिलेलं असतं तेव्हा बोट चिविताव्हेक्कियाला लागते, आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. ‘फ्लॉरेन्स आणि पिसा’ म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया. पुढे कधी उत्तर युरोपची क्रूझ घेतलीत तर ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र आणि ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे. या दोन्ही ठिकाणांहून शहर गाठायला अडीच-तीन तास सहज जातात. हे आधी माहीत नसलेला माणूस सकाळी डेकवर येतो आणि समोर कंटेनरच्या क्रेन बघून चक्रावतो.

म्हणून प्रत्येक बंदराचं नाव नकाशात टाका आणि तीन गोष्टी टिपून ठेवा. धक्क्यापासून गावाचं मध्य किती लांब आहे? धक्क्यावरून चालत बाहेर पडता येतं का? लिव्होर्नोसारख्या मालवाहू बंदरात पायी फिरायला मनाई असते, शटल बसनंच बाहेर पडावं लागतं. आणि तिसरं, बोट धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून उभी राहणार? नांगर टाकणार असेल तर किनाऱ्यावर छोट्या होड्यांनी नेतात. त्यांना टेंडर म्हणतात. टेंडरच्या बंदरावर जाताना रांग असते आणि येताना त्याहून मोठी.

पायरी २: हातात खरे किती तास उरतात ते मोजा

समजा, चिविताव्हेक्कियाला बोट सकाळी सातला येते आणि संध्याकाळी सातला निघते. कागदावर बारा तास. आता उलटं मोजत या. सातला निघणारी बोट तुम्हाला साडेसहाला, काही कंपन्यांच्या बाबतीत सहालाच, बोटीवर हजर मागते. ही ‘सर्व प्रवासी बोटीवर’ची वेळ रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत ठळक छापलेली असते. आपला दिवस तिथे संपतो. बोट सुटण्याच्या वेळेशी आपल्याला काही देणंघेणं नाही. बंदराच्या फाटकापासून बोटीपर्यंतची शटल, स्टेशन ते फाटक हा टप्पा आणि सुरक्षा तपासणी यांना मिळून पाऊण तास धरा. म्हणजे सहाची वेळ धरली तर सव्वापाचला तुम्ही चिविताव्हेक्किया स्टेशनवर उतरलेले हवेत. रोमहून साधी रिजनल गाडी स्टेशननुसार पाऊण ते सव्वा तास घेते. म्हणजे चारची गाडी. आता खरी युक्ती: जी गाडी पकडली तर जेमतेम वेळेत पोचू, तिच्या आधी सुटणारी दुसरी गाडी धरायची. म्हणजे तीनच्या सुमारास रोमचं स्टेशन गाठायचं. सकाळी बोटीचा जिना खुला होऊन तुम्ही रोममध्ये पाय ठेवेपर्यंत साडेनऊ वाजलेले असतात. बारा तासांच्या मुक्कामातून रोमच्या वाट्याला साडेपाच तास आले.

साडेपाच तास कमी नाहीत. पण व्हॅटिकनची संग्रहालयं, सेंट पीटर्स, कोलोझियम, फोरम आणि ट्रेव्हीचं कारंजं एवढं त्यांत बसवायचं म्हटलं तर एकही गोष्ट धड दिसत नाही. बोटीची टूरही हे गणित बदलू शकत नाही. तिची बससुद्धा त्याच रस्त्यानं, त्याच गर्दीतून जाते.

घड्याळाची एक खोच आहे. इटली, फ्रान्स, स्पेन आणि माल्टा या देशांची वेळ एकच आहे. ग्रीस त्यांच्या एक तास पुढे. काही बोटी स्थानिक वेळेप्रमाणे घड्याळं फिरवतात, काही फिरवत नाहीत, आणि मोबाईल मात्र किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप बदलतो. हाताला साधं घड्याळ बांधा, ते बोटीच्या वेळेला लावा आणि उतरताना जिन्याजवळ लिहिलेली वेळ त्याच्याशी ताडून पाहा.

पायरी ३: बोटीची टूर नेमकं काय विकते ते ओळखा

गाईड बाहेरही मिळतो, बस बाहेरही मिळते. बोटीच्या टूरची खरी किंमत एका वचनात आहे: टूरची बस रस्त्यात अडकली तर बोट थांबते, आणि थांबणं शक्य नसेल तर तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. आपले आपण गेलात आणि उशीर झाला तर बोट निघून जाते. कप्तान वाईट असतो म्हणून नव्हे. धक्क्याचं भाडं, बोट बंदराबाहेर काढून देणारा पायलट, पुढच्या बंदरातली जागा हे सगळं मिनिटांवर ठरलेलं असतं.

दुसरा फायदा कमी बोलला जातो. वादळामुळे किंवा बंदर बंद असल्यामुळे बोट तिथे गेलीच नाही, तर तिच्या टूरचे पैसे आपोआप परत मिळतात. बाहेरून घेतलेली, परत न होणारी तिकिटं मात्र बुडतात. टेंडरच्या बंदरावर टूरवाल्यांना पहिल्या होड्यांत बसवतात, हा तिसरा.

आता दुसरी बाजू. सकाळी थिएटरमध्ये जमा व्हायचं, छातीवर नंबराचा स्टिकर लावायचा, चाळीस-पन्नास जणांची बस भरेपर्यंत थांबायचं, मग प्रत्येक ठिकाणी तेवढ्याच लोकांची स्वच्छतागृहापुढे रांग. मधेच चामड्याच्या किंवा कोरीव शिंपल्यांच्या दुकानात ‘छोटासा थांबा’. वेळ असा झिरपतो. टूरच्या वर्णनातले शब्दही नीट वाचा. ‘पॅनोरमिक’ लिहिलं असेल तर बरंचसं बसच्या खिडकीतून दिसणार. ‘बाहेरून दर्शन’ म्हणजे कोलोझियमच्या आत पाऊल पडणार नाही. ‘मोकळा वेळ’ तीन तास असेल तर ती टूर नाहीच, नुसता प्रवास आहे. युरोपीय कंपन्यांच्या बोटींवर एकाच गाईडकडे दोन भाषांचे गट देण्याची पद्धत असते. इंग्रजी गट स्वतंत्र असेल का, हे टूर डेस्कला विचारून घ्या, नाहीतर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकत दिवस जातो.

नवख्यांच्या नजरेतून सुटणारा एक पर्याय याच यादीत तळाशी असतो: ‘रोम, आपापलं’ अशा धाटणीचा. बोटीची बस तुम्हाला शहरात सोडते, ठरलेल्या वेळी उचलते, मधला वेळ तुमचा. पूर्ण टूरपेक्षा बराच स्वस्त, आणि परतीच्या प्रवासाला बोटीचं वचन लागू. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लांबच्या बंदरावर मला हा सगळ्यात शहाणा सौदा वाटतो.

महाराष्ट्रातल्या एखाद्या पर्यटन कंपनीच्या ग्रुपबरोबर, टूर मॅनेजरच्या देखरेखीखाली क्रूझवर निघाला असाल तर एक प्रश्न बुकिंगच्या वेळीच विचारा. बंदरावरची फिरती बोटीच्या टूर डेस्कमार्फत आहे, की कंपनीनं परस्पर ठरवलेल्या बसनं? परस्पर असेल तर बोटीच्या लेखी तुम्ही स्वतंत्र फिरणारेच ठरता, मग बसमध्ये चाळीस जण असोत की चार. चांगले टूर मॅनेजर हे जाणून असतात आणि म्हणून तासभर आधीच परत आणतात. तेव्हा ‘खरेदीला वेळच दिला नाही’ म्हणून त्यांच्यावर रुसू नका.

पायरी ४: बंदर कोणत्या प्रकारात बसतं ते ठरवा

पहिला प्रकार, उतरलात की शहरातच. नेपल्सचा धक्का थेट गावात आहे. फाटकातून बाहेर पडलात की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला. जेनोआचा धक्का पियाझ्झा प्रिन्चिपे स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर, आणि तिथून जुन्या शहराच्या चिंचोळ्या गल्ल्या सुरू होतात. माल्टाच्या व्हॅलेटात धक्क्याजवळून लिफ्ट थेट वरच्या बराक्का बागेत नेते. दुपारी बाराला तिथे तोफ उडते, तेवढी वेळ साधा. बार्सिलोनाचे क्रूझ धक्के थोडे आडबाजूला आहेत, पण बंदराची बस चार-पाच युरोत कोलंबसच्या स्तंभापाशी आणून सोडते आणि ला राम्ब्ला हा रस्ता तिथूनच सुरू होतो. अशा ठिकाणी ‘पायी शहरदर्शन’ची टूर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. सग्रादा फामिलिया पाहायची असेल तर तिचं वेळेचं तिकीट मात्र आधी ऑनलाइन काढा. दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका.

जेनोआत बोट लागेल त्या दिवशी तर मी कोणालाच टूर घेऊ देणार नाही. बंदरासमोरच्या सोत्तोरिपाच्या कमानींखाली फोकाच्चा हा ऑलिव्ह तेलातला चपटा पाव आणि फारिनाता मिळतो. फारिनाता हा हरभऱ्याच्या पिठाचा, ऑलिव्ह तेलात भिजलेला, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेला पदार्थ. बेसनाचं जाड धिरडं कडेनं कुरकुरीत झालं तर जसं लागेल तसा. शाकाहारी मंडळींना युरोपात इतकं बिनधास्त खायला फार ठिकाणी मिळत नाही. (कडक शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, वापरूनच बनतं. पिझ्झा मरिनारात चीज नसतंच.)

दुसरा प्रकार, एका गाडीच्या अंतरावर. चिविताव्हेक्किया, लिव्होर्नो आणि नेपल्सहून पाँपेई. हा प्रकार खरा विचार करायला लावतो, म्हणून त्यावर खाली वेगळं लिहितो.

तिसरा प्रकार टेंडरचा. सँटोरिनी हे त्याचं ठळक उदाहरण. बोट ज्वालामुखीच्या विवरात भरलेल्या पाण्यात उभी राहते आणि ‘फिरा’ हे गाव वर कड्यावर असतं. जुन्या बंदरातून वर जायला केबल कार, नाहीतर साडेपाचशेहून अधिक पायऱ्या, आणि त्याच पायऱ्यांवरून गाढवंही चालतात. बोटीची टूर घेतली तर सहसा दुसऱ्या, अथिनिओस बंदरावर उतरवून बसनं वर नेतात, पण परत येताना तुम्हालाही फिराहून त्याच केबल कारच्या रांगेत उभं राहावं लागतं. चार-पाच मोठ्या बोटी एकाच दिवशी आल्या असतील तर ही रांग तासाच्या पुढे जाते. म्हणून इथे टूर घ्या वा न घ्या, शेवटच्या टेंडरच्या किमान दोन तास आधी फिराच्या केबल कारपाशी परत या.

चौथा प्रकार म्हणजे जिथे एकाच ठिकाणी जायचं नसून रस्ताच पाहायचा असतो: अमाल्फीचा किनारा, टस्कनीची खेडी, एटनाचा डोंगर. अमाल्फीचा रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, एका बाजूला समुद्र, आणि उन्हाळ्यात वाहतूक तुंबली की तुंबली. सार्वजनिक बसच्या भरवशावर तिथे जाऊन वेळेत परतण्याचं धाडस मी करणार नाही. इथे बोटीची टूर घ्या आणि निवांत बसा.

रोम, रेल्वेनं

चिविताव्हेक्कियाच्या धक्क्यावरून मोफत शटल बस लार्गो देला पाचे या बंदराच्या फाटकाबाहेरच्या जागी सोडते. तिथून स्टेशनला गावातली बस मिळते, आणि चालायची तयारी असेल तर समुद्राकाठानं पायीही जाता येतं. रिजनल गाडीचं एका बाजूचं तिकीट पाच युरोंच्या आसपास. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवायचा. हे विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस ‘आम्ही पर्यटक आहोत’ हे ऐकून घेत नाही.

कुठे उतरायचं हे काय पाहायचं आहे त्यावर ठरवा. सेंट पीटर्ससाठी रोमा सान पिएत्रो. तिथून चौक दहा-पंधरा मिनिटं चालत. कोलोझियमसाठी ऑस्तिएन्सेला उतरा, शेजारच्या पिरामिदे स्थानकावरून मेट्रोची बी लाइन घ्या, दोन स्थानकं. सगळे जण सवयीनं तेर्मिनीपर्यंत जातात आणि वीसेक मिनिटं घालवतात. दोन्हींपैकी एक बाजू निवडा आणि तिथेच दिवस काढा. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. बुधवारी सकाळी पोपचं जाहीर दर्शन चौकात असेल तर सेंट पीटर्समध्ये दुपारपर्यंत प्रवेश मिळत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे पुरुषांनाही लागू. कोलोझियमचं तिकीट वेळेचं आणि नावाचं असतं, तेव्हा पासपोर्टवरच्या स्पेलिंगनंच काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

आणखी एक शब्द पाठ करा: ‘शोपेरो’, म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होऊन होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक गाड्या चालवण्याचं बंधन असतं, पण क्रूझवाल्याला संध्याकाळी सहाची गाडी काय कामाची? निघण्याच्या आठवडाभर आधी तारीख तपासा. त्या दिवशी संप असेल तर मुकाट्यानं बोटीची बस घ्या.

नेपल्सहून पाँपेई

धक्क्यासमोर मुनिचिपिओ मेट्रो स्थानक आहे. तिथून मेट्रोनं गारिबाल्दी स्थानक, आणि गारिबाल्दीच्या तळमजल्याखालून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल सोरेंतोच्या दिशेला जाते. पाँपेई स्कावी स्टेशनवर उतरायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि उत्खननाचं प्रवेशद्वार स्टेशनच्या दाराशीच. डबे जुने, गर्दी आपल्या संध्याकाळच्या लोकलची आठवण करून देणारी, पंखासुद्धा असेल-नसेल. मुंबईकराला यात नवं काही नाही, पण खिसे सांभाळा. इथे आणि बार्सिलोनाच्या मेट्रोत पाकीटमारांची मोठी ख्याती आहे. पाठपिशवी पुढे घ्या.

पाँपेईत मात्र गाईडशिवाय जाऊ नका, असं माझं ठाम मत आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे अख्खं शहर आहे, आणि सांगणारा कोणी नसेल तर दोन तासांत सगळ्या भिंती सारख्याच दिसायला लागतात. स्वतः रेल्वेनं जा आणि परवानाधारक गाईडचा दोन तासांचा छोटा गट आधी ठरवा. अर्धी टूर, अर्धं आपापलं. तिकीट नावाचं असतं आणि रोजच्या प्रवेशांवर मर्यादा आहे, म्हणून उन्हाळ्यात तेही आधीच काढा. सावली जवळजवळ नाही. रस्त्याचे दगड मोठे, गुळगुळीत आणि रथांच्या चाकोऱ्यांनी खाचलेले. गुडघे दुखणाऱ्यांसाठी आम्फितेआत्रो चौकाच्या दारातून सुरू होणारा एक सपाट मार्ग आखलेला आहे. आई-बाबा बरोबर असतील तर तिकडून शिरा.

पायरी ५: तिसरा रस्ता तपासा

दोन कुटुंबं मिळून सहा-आठ जण असाल तर स्थानिक कंपनीची व्हॅन ड्रायव्हरसकट घेणं बऱ्याचदा बोटीच्या टूरपेक्षा माणशी स्वस्त पडतं. वेळ आपली, थांबे आपले, आणि आजोबांना लागेल तेव्हा स्वच्छतागृह. बुकिंग करताना बोटीचं नाव आणि तारीख लिहून द्या आणि दोन गोष्टी लेखी मागा: बोट बंदरात आलीच नाही तर पूर्ण पैसे परत, आणि परतीची वेळ. इटलीत ड्रायव्हर हा गाईड नसतो. तो स्मारकाच्या दारापर्यंत सोडतो, आत जाऊन माहिती देण्याचा परवाना वेगळा असतो. ‘ड्रायव्हर सगळं दाखवतो’ असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. भेटीची जागा सहसा बंदराच्या फाटकाबाहेर असते. धक्क्यावर उतरल्या उतरल्या अंगावर येणाऱ्या टॅक्सीवाल्यांशी सौदा करायची वेळ आलीच, तर दर माणशी आहे की गाडीचा, एकमार्गी आहे की जाऊन-येऊन, हे बसण्याआधी कागदावर लिहून घ्या.

पायरी ६: आदल्या रात्रीची तयारी

कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात ‘पोर्ट एजंट’, म्हणजे त्या बंदरातला क्रूझ कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून एक नाव आणि नंबर असतो. त्याचा फोटो काढा. बोट चुकली तर हाच माणूस तुमचा तारणहार. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत खिशात ठेवा. मूळ पासपोर्ट काही बोटींवर रिसेप्शनलाच जमा असतो, काहींवर तुमच्याकडे, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बोटीचं कार्ड गळ्यात. ऑफलाइन नकाशा उतरवून त्यात धक्क्याची नेमकी जागा खूण करून ठेवा, कारण बार्सिलोना किंवा मार्सेयसारख्या बंदरात धक्के अनेक असतात आणि टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ सांगून चालत नाही. समुद्रात असताना मोबाईल विमान मोडवर ठेवा. बोटीचं स्वतःचं नेटवर्क आपोआप पकडलं गेलं तर बिल बघून घाम फुटतो.

व्हिसाचा विचार खरं तर तिकिटाच्या वेळीच व्हायला हवा. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस हे सगळे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतात. पण फेरीत मधेच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तान असेल तर शेंगेनबाहेर जाऊन पुन्हा आत येणं होतं, तेव्हा मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा व्हिसा हवा. काही ठिकाणी तर व्हिसाच टूर निवडून देतो. २०२२ मध्ये क्रूझ कंपन्यांनी सेंट पीटर्सबर्गला जाणं थांबवलं, त्याआधी तिथे अधिकृत टूरबरोबर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाला व्हिसा लागत नसे, एकट्यानं फिरायचं तर लागत असे. आपल्याकडेही मुंबईहून सुटणारी बोट लक्षद्वीपला जाते तेव्हा प्रवेश परवाना लागतो आणि तो बोटीमार्फतच होतो, म्हणून तिथे ‘आपापलं’ हा पर्याय जवळजवळ नसतोच. गोव्यात मात्र मुरगावच्या धक्क्यावरून पणजी तीसेक किलोमीटर, ओला-उबर नाही, टॅक्सीचे दर ठरलेले. चौघं असाल तर दिवसभराची टॅक्सी, दोघंच असाल तर बोटीची बस, एवढा सोपा हिशेब.

बोट चुकलीच तर

शेवटच्या मिनिटाला कोण चढलेलं नाही हे कार्डांच्या नोंदीवरून बोटीला कळतं. केबिनच्या तिजोरीत पासपोर्ट असेल तर अधिकारी तो काढून पोर्ट एजंटकडे देतात, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. पश्चिम भूमध्यात हे संकट निदान सुटण्यासारखं असतं, कारण किनाऱ्यानं रेल्वे आहे आणि सगळं शेंगेनमध्येच. चिविताव्हेक्कियाला चुकलेली बोट दुसऱ्या दिवशी जेनोआला गाठता येते. पुढचं बंदर बेट असेल किंवा शेंगेनबाहेर असेल तर प्रकरण अवघड. म्हणून असंही करा: ज्या बंदरानंतर दुसऱ्या दिवशी समुद्रातच असणार आहात किंवा देश बदलणार आहे, तिथे लांबचा बेत स्वतःच्या हिमतीवर आखू नका. प्रवास विमा स्वतःच्या उशिरामुळे चुकलेल्या बोटीचे पैसे सहसा देत नाही, पॉलिसी वाचून घ्या.

आणि एखाद्या बंदरावर उतरूच नये असं वाटलं तर बेलाशक उतरू नका. मार्सेयचा क्रूझ धक्का गावापासून लांब आहे, सलग चार दिवस फिरून पाय भरून आलेले असतात, आणि त्या दिवशी बोटीवरचा तरणतलाव तुमच्या एकट्याचा असतो.

शेवटच्या दिवशीचं बंदर

या दिवशी बरेच जण टूरच्या यादीकडे पाहतच नाहीत, आणि नेमकी इथेच बोटीची टूर सगळ्यात कामाची ठरते. सकाळी आठ-नऊपर्यंत केबिन रिकामी करायची असते, भारताकडचं विमान रात्रीचं असतं आणि हातात मोठ्या बॅगा. शहर बघून विमानतळावर संपणारी टूर असेल तर बॅगा बसच्या पोटात राहतात आणि सामान ठेवायची जागा शोधण्याची वणवण वाचते. चिविताव्हेक्कियाहून रोमचा फिउमिचिनो विमानतळ साठ-पासष्ट किलोमीटर आहे, म्हणून तिथे ती टूर विशेष उपयोगी. विमान दुपारचं असेल तर टूर वगैरे काही नको, थेट विमानतळ गाठा. आणि तिकीट अजून काढायचं असेल तर दुपारी एकच्या आधीचं विमान घेऊ नका, कारण तीन-चार हजार माणसं एका जिन्यावरून उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.